पार्श्वभूमी : स्लाव्ह भाषांतला 'माणूस'

रशियनमध्ये 'चेलव्येक', पोलिशमध्ये 'च्वोव्येक', चेकमध्ये 'च्लोव्येक', बल्गेरियनमध्ये 'चोवेक'. १०५६-५७ साली रुसमध्ये, म्हणजे पूर्व स्लाव्हांच्या मध्ययुगीन राज्यात, लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या पोथीत हा शब्द पहिल्याच उताऱ्यात भेटतो : 'देवाने पाठवलेला एक माणूस होता.' शब्द जोडून झाला आहे, हे बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो कशाला काय जोडलं यावर.

रशियन शिकणाऱ्याच्या कानावर आधी पडते ती फोड अशी : 'चेलो' म्हणजे कपाळ, 'व्येक' म्हणजे शतक. ऐकायला भारदस्त, पण मागाहून रचलेली. 'शतक' हा अर्थच उशिराचा. जुन्या चर्च स्लाव्हिकमध्ये, म्हणजे स्लाव्हांच्या सर्वांत जुन्या लिखित भाषेत, 'वेकु' म्हणजे आयुष्य, युग.

पहिल्या तुकड्याचं नातं 'चेल्यादि'शी, म्हणजे घरची माणसं, नोकरचाकर यांच्याशी लावतात. स्लाव्हची जवळची नातलग भाषा लिथुआनियन, तिच्यात 'किल्तिस' म्हणजे कूळ. दुसऱ्या तुकड्यावर मात्र दोन तट आहेत. एकांच्या मते 'वेक' म्हणजे मुळात बळ, म्हणून हा 'कुळातला धडधाकट गडी'. दुसरे लिथुआनियन 'वाइकस'कडे, म्हणजे मुलाकडे, बोट दाखवतात : 'कुळाचं लेकरू'. उच्चाराच्या नियमांत दोन्ही बसतात. 'मूल' या अर्थाचा सुटा 'वेक' स्लाव्हमध्ये सापडत नाही, ही दुसऱ्या बाजूची खरी अडचण. तरी मला तीच बाजू पटते. गावात अनोळखी पोराला आधी 'कुणाचा रे तू?' असंच विचारतात, नाव त्यानंतर.

आपल्या 'मनुष्य', 'माणूस'चा स्लाव्हमधला नातलग वेगळाच : 'मूझ'. अकराव्या शतकातल्या रुसच्या कायद्यात 'मूझ' म्हणजे स्वतंत्र पुरुष. त्याचा खून झाला तर भावाने सूड घ्यावा, अशी त्या कायद्याची सुरुवात आहे. पुढे रशियनमध्ये तो नुसता नवरा उरला आणि त्याचं लघुरूप 'मुझीक' शेतकऱ्याच्या वाट्याला आलं. युक्रेनियनमध्ये उलट झालं : तिथे 'चोलोविक' म्हणजे पुरुष आणि नवराही. आपल्याकडे बाई नवऱ्याला 'माझा माणूस' म्हणते, तसंच.

एकोणिसाव्या शतकात रशियन खानावळीत वाढप्याला हाक मारायची ती 'चेलव्येक!' अशी. 'चेल्यादि'मधला नोकरचाकर पुन्हा वर आला, असं मला वाटतं.

अनेकवचनात हा शब्द हटतो आणि 'ल्यूदी' येतो, संस्कृत 'रुह्', म्हणजे वाढणे, याच्या गोतातला. पण पाच माणसं मोजताना रशियन माणूस आजही 'प्यात् चेलव्येक' म्हणतो. ते जुनं षष्ठीचं अनेकवचन आहे, मोजणीपुरतं टिकलेलं.