हँडलमधील ढिलाई म्हणजे लेथ भंगार नव्हे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील किंवा रबाळे-महापे पट्ट्यातील वर्कशॉपमधून निघालेला जुना लहान लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणारे यंत्र) घरासाठी पाहायला गेलेल्या माणसाला हमखास एक सल्ला मिळतो: क्रॉस स्लाईडचे (कापणारे टूल आडवे आत-बाहेर नेणाऱ्या भागाचे) हँडल उलट फिरवा, ते थोडे जरी मोकळे फिरले तरी यंत्र संपले असे समजा. या समजापायी चांगली यंत्रे भंगारात जातात, म्हणून हा खुलासा. ती ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, हा भाग सरकवणारा स्क्रू आणि त्याचा नट यांच्यातील फट असते. नव्या लेथमध्येही ती थोडी असतेच, टूल नेहमी एकाच दिशेने मापावर आणल्यास तिची अडचण होत नाही, आणि झिजलेला नट कुशल टर्नर नवा करून देतो.

खरी झीज बेडवर (यंत्राच्या लांब पायावर), बहुधा चकजवळ (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) होते, कारण बहुतेक काम तिथेच चालते. सॅडलचा (बेडवरून सरकत टूल वाहून नेणाऱ्या भागाचा) लॉक तिथे जेमतेम ओढ लागेल इतका आवळावा आणि सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे चकच्या विरुद्ध टोकाच्या आधाराकडे, सरकवावे. ते वाटेत अडकू लागले, तर चकजवळचा बेड झिजलेला आहे. या झिजेमुळे टूल जॉबपासून ०.०५ मिमी दूर गेले तरी व्यास ०.१० मिमीने वाढतो. ताजा रंग दिलेल्या यंत्राची ही तपासणी मी तरी कधीच टाळत नाही.