कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन (भारत)

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) गैरवापराला आळा घालणे आणि त्याच वेळी तिच्या संशोधनाला, उद्योगाला बळ देणे ही दोन्ही कामे भारतात मुख्यतः एकाच मंत्रालयाकडे आहेत : केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय. एआयसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००, त्याखालचे ऑनलाइन मंचांसाठीचे २०२१ चे नियम आणि फौजदारी कायदे यांसारख्या आधीच्या कायद्यांवरच काम भागवले जाते.

आळा आणि बळ या दोन कामांतली ओढाताण मार्च २०२४ मध्ये चव्हाट्यावर आली. १ मार्चला मंत्रालयाने ऑनलाइन मंचांना सूचनापत्र धाडले : चाचणी अपुरी असलेले किंवा बेभरवशाचे एआय मॉडेल (उत्तरे वा मजकूर तयार करणारी प्रणाली) भारतीय वापरकर्त्यांपुढे आणायचे तर आधी केंद्र सरकारची स्पष्ट परवानगी घ्या, आणि काय कार्यवाही केली ते १५ दिवसांत कळवा. चार जणांच्या स्टार्टअपनेही आता दिल्लीचे उंबरे झिजवायचे का, अशी ओरड झाली. तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी ४ मार्चला खुलासा केला, की हे बंधन मोठ्या मंचांपुरतेच आहे. ७ मार्चला मंत्रिमंडळाने एआयच्या संशोधनाला व उद्योगाला बळ देणारे १०,३७१.९२ कोटी रुपयांचे इंडियाएआय मिशन मंजूर केले. १५ मार्चच्या नव्या पत्रात परवानगीची अट नव्हती. मॉडेलचे उत्तर चुकू शकते अशी पाटी लावा, एवढ्यावर भागले. एक प्रकारचा परवाना राज पंधरवड्यात आला आणि गेला.

युरोपीय संघाने १ ऑगस्ट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू केलेल्या एआय कायद्यात जोखमीप्रमाणे पायऱ्या पाडल्या असून दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जास्त असेल तिथपर्यंत जातो. भारताने नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असा स्वतंत्र कायदा करण्याचा रस्ता तूर्त नाकारला.

मोकळी राहिलेली जागा न्यायालये भरतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने विनासंमती नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. दोघेही नामवंत, त्यांच्या आवाजाला बाजारात मोल आहे. साध्या माणसाला आपल्या आवाजावरचा हाच हक्क शाबीत करणे जड जाईल.

डीपफेकबाबत (एआयने बनवलेली, खरी भासणारी बनावट चित्रे, चित्रफिती वा आवाज) मात्र सरकारने सक्तीच निवडली. २०२१ च्या नियमांतील फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने एआयनिर्मित चित्र-ध्वनीवर ठळक खूण बंधनकारक झाली. मसुद्यात या खुणेसाठी चित्राची किमान १० टक्के जागा मागितली होती. अंतिम नियमांत ती मोजपट्टी गळाली.