वाचलेले निसटते, आठवलेले टिकते

'नीट'चा निकाल लागला की लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या चौकांत शिकवणी वर्गांचे फलक झळकतात आणि लातूर पॅटर्नची चर्चा नव्याने सुरू होते. या चर्चेत यशाचे श्रेय शिस्तीला आणि अभ्यासाच्या तासांना दिले जाते. सततच्या सराव परीक्षा मात्र केवळ तयारी मोजण्याचे साधन मानल्या जातात. हा समज अपुरा आहे. उत्तर आठवण्याच्या क्रियेनेच ज्ञान अधिक पक्के होते. मानसशास्त्रात यास 'चाचणी परिणाम' म्हणतात आणि शिक्षणशास्त्रातील ही सर्वाधिक उपयोगाची संकल्पना पालकांपर्यंत पोहोचायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले होते. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. परंतु आठवड्यानंतर त्यांना सुमारे 42 टक्के, तर लिहून काढणाऱ्यांना सुमारे 56 टक्के मजकूर आठवला.

याची उकल रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून होते. त्यांच्या मते प्रत्येक स्मृतीला दोन बळे असतात: ती मनात किती खोल रुजली आहे हे साठवण-बळ आणि या क्षणी ती किती सहज हाती लागते हे स्मरण-बळ. धडा नुकताच वाचलेला असताना स्मरण-बळ भरपूर असते, म्हणून विद्यार्थ्याला सगळे येते असे वाटते, पण साठवण-बळ तेवढे वाढलेले नसते. काही दिवसांनी स्मरण-बळ घटते. अशा वेळी हैदराबाद संस्थानात पोलीस कारवाई कधी सुरू झाली, असे एखाद्या मुलीला विचारल्यावर 17 सप्टेंबर 1948 हा मुक्तिदिन चटकन आठवतो, पण सुरुवातीची तारीख अडते, आणि कारवाई पाच दिवस चालली होती या धाग्यावरून ती 13 सप्टेंबरपर्यंत पोहोचते. स्मरण-बळ जितके खाली गेले असेल, तितकी अशा यशस्वी आठवणीने साठवण-बळात पडणारी भर मोठी असते. थोडे विसरू देऊन आठवणे हे म्हणूनच रोजच्या रोज तेच पान वाचण्यापेक्षा सरस ठरते. आठवलेच नाही, तर मात्र योग्य उत्तर लगेच पाहिले पाहिजे, नाहीतर चूकच रुजण्याची भीती असते.

इतका स्वस्त उपाय हाताशी असताना बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणाऱ्या चाचण्यांवर पालकांनी हजारो रुपये घालवावेत, याचे वाईट वाटते. त्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. 'हा पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा' ही विभागणीही तशीच दुबळी आहे. त्यानुसार शिकवल्याने शिक्षण सुधारते याचा पुरेसा पुरावा नसल्याचे 2008 च्या एका विस्तृत आढाव्यात दाखवून दिलेले आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकणे चालू असतानाच होणारी पडताळणी, रूढ आहेच. पण त्याच्या नोंदींतच शिक्षकांचा वेळ जातो. तासाच्या शेवटी वह्या मिटवून मागच्या आठवड्यातील तीन प्रश्न विचारणे आणि मुलांनी उत्तरे स्वतःच तपासणे, यासाठी ना गुण लागतात ना नोंदवही.