होस्टाला सावली मिळाली, थंडीचं काय?

शेजारच्या काकूंनी गेल्या वर्षी होस्टा या पानांच्या शोभेच्या झाडाचे सहा गड्डे ऑनलाइन मागवले. सोसायटीतल्या आंब्याखाली गवत धरत नाही. तिथे बुटका, पसरणारा होस्टा लावला की दोन वर्षांत जमीन झाकून जाईल, असा बेत. पहिल्या वर्षी पानं छान आली. यंदा दोनच गड्डे फुटले, तेही करंगळीएवढे. "सावलीतलं झाड आहे ना रे हे? मग सावलीत का मरतंय?"

ते मरतंय ते थंडीवाचून. सावली सोसणं आणि थंडी लागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि होस्टाला दोन्ही हव्या असतात. तो मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. कोरियाच्या जेजू बेटावरचा होस्टा व्हेनुस्टा तर इवलासा. जमिनीखालून बारीक खोडं सोडतो आणि त्यांच्या टोकाशी नवं रोप उभं करतो. पानं एकमेकांना भिडली की तणाच्या बियांना उजेडच मिळत नाही. थंड प्रदेशात म्हणूनच तो लावतात. हिवाळ्यात मात्र पानं सुकून जातात आणि गड्डा झोपतो.

ही झोप मला फार आवडते. वनस्पतीच्या पेशींच्या भिंतींमधून अतिसूक्ष्म वाटा असतात, त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. अन्न आणि निरोप त्यांतून फिरतात. दिवस लहान होऊ लागले की डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, वाढ रोखणाऱ्या अ‍ॅब्सिसिक आम्लाचा अंमल वाढतो आणि कॅलोज, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची एक लांब साखळी, या वाटांच्या तोंडाशी बुचासारखी साचते. वाढीच्या टोकावरच्या पेशी शेजारणींपासून तुटतात. आता अवेळी चार दिवस ऊब आली तरी 'फूट' हा निरोप आत पोचतच नाही. कोवळा कोंब बर्फात सापडण्यापासून वाचतो. पुढे आठवडेच्या आठवडे थंडी पडली की वाढीला चालना देणारं जिबरेलिन हे संप्रेरक वाढतं, कॅलोज तोडणारी विकरं तयार होतात, बुचं निघतात, वाटा मोकळ्या होतात. त्यानंतरच्या उबेने डोळा फुटतो. एका कडक रात्रीने हे होत नाही, थंडी साठत जावी लागते. हे सगळे बारकावे बर्च आणि पॉप्लर या झाडांत उलगडले आहेत. होस्टाच्या गड्ड्याचं वागणंही त्याच चालीचं दिसतं: साधारण ५ अंशांखालची थंडी कित्येक आठवडे मिळाली, तरच तो जोमाने उठतो.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीतलं सरासरी किमान तापमान ११-१२ अंश. त्यात आंब्याखालची रात्र उघड्या मैदानापेक्षा जरा उबदारच, कारण जमिनीतून निघणारी उष्णता पानांचं छत्र अडवतं आणि खाली परत पाठवतं. म्हणजे सावली शोधून आपण थंडी आणखी कमी केली! पहिल्या वर्षी आलेले गड्डे बहुधा थंडी खाऊनच पार्सलमध्ये बसले होते. कुंडीतला एखादा गड्डा काढून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवता येईल, पण अख्खा वाफा दरवर्षी उपटायचा तर जमीन झाकायची कधी?

होस्टाच्याच कुळात शतावरी, रजनीगंधा आणि आपली मुसळी येते. सह्याद्रीतली मुसळीही झोपते, पण ती कोरड्या दिवसांत, आणि उठते पावसाने. वर्षभर जमीन हिरवी हवी असेल तर मुसळीचा आफ्रिकी भाऊबंद, स्पायडर प्लांट, बरा. तो लांब दांड्या सोडतो, दांडीवरची पिल्लं मातीला टेकली की मुळं धरतात.

तो 'हवा शुद्ध करतो' म्हणून जास्त पैसे मोजू नका. हा बोलबाला १९८९ च्या नासाच्या प्रयोगांवरून झाला, आणि ते बंद पेटीत केलेले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. इमारतीत एरवीच खेळणाऱ्या बाहेरच्या हवेइतका परिणाम साधायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशेब निघाला.

काकूंना मी पिल्लं दिली आहेत. वीतभर अंतराने लावायची, आंब्याची मुळं न दुखावता, आणि पाऊस स्थिरावल्यावर.