ग्रॅनिटव्हिलची गिरणी नक्की कशाने बंद पडली: थोडी पार्श्वभूमी

ग्रॅनिटव्हिल या अमेरिकेतल्या कापड गिरणीच्या गावाचं नाव निघालं की तिकडेसुद्धा लोक एकच गोष्ट सांगतात, २००५ साली तिथे रेल्वेचा अपघात झाला, क्लोरिन सुटला, माणसं गेली आणि गिरणी बंद पडली. हे खरं आहे पण अपुरं आहे, कारण त्याच्या बरोबर पाच दिवस आधी, १ जानेवारी २००५ला, जगभरच्या कापड व्यापारावरचे कोटे, म्हणजे कुठल्या देशातून किती माल आणायचा यावरच्या मर्यादा, संपले होते आणि अपघात झाला ६ जानेवारीला. या पाच दिवसांमुळे गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे की गिरणी गॅसने मारली की आयातीने. तो वाद समजायचा असेल तर गाव काय प्रकारचं होतं ते आधी बघायला लागतं, म्हणून हे लिहितोय.

गाव साऊथ कॅरोलायना राज्यात, एकेन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), हॉर्स क्रीक नावाच्या ओढ्याच्या खोलगटात. जॉर्जियातलं ऑगस्टा शहर तिथून अगदी जवळ. वस्ती दोन-तीन हजारांची. सगळे त्याला टाउन म्हणतात, पण कायद्याने ते कधी टाउन झालंच नाही. म्हणजे नगरपालिका नाही, महापौर नाही, गावाची स्वतःची कौन्सिल नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण सगळी गोम इथेच आहे. घरं गिरणीची, पाणी गिरणीचं, शाळा आणि चर्चमागेही गिरणीचाच पैसा. आपल्याकडे गिरणगाव म्हटलं की लालबाग-परळ डोळ्यासमोर येतं, माझे आजोबा तिथे साचेखात्यात (मागांच्या विभागात) होते त्यामुळे मलाही आधी तसंच काहीतरी वाटलेलं. पण लालबागला एका गिरणीने गेटबाहेर काढलं तर माणूस दुसऱ्या गेटवर बदली कामगार म्हणून उभा राहू शकायचा, चाळीचा मालक बऱ्याचदा वेगळा, खानावळ वेगळी, आणि वर मुंबईची म्युनिसिपालिटी होतीच. ग्रॅनिटव्हिलला काम गेलं की घर पण गेलं. तिकडे याला मिल व्हिलेज म्हणतात, टाउन आणि मिल व्हिलेज यातला हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवात १८४५ची. चार्ल्स्टनमधल्या एका श्रीमंत जवाहिऱ्याने न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) गिरण्या स्वतः फिरून पाहिल्या आणि परत येऊन वर्तमानपत्रात लेख लिहिले की आपण नुसता कापूस पिकवून उत्तरेला आणि इंग्लंडला पाठवतो आणि त्याचंच कापड परत विकत घेतो, हे बंद व्हायला पाहिजे. हा मुद्दा आपल्याला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. मग ओढ्याचं पाणी वळवून कालवा काढला, जवळच्याच ग्रॅनाइटची दुमजली गिरणी बांधली (गावाचं नाव त्यावरूनच), सुमारे ९,००० चात्या (सूत कातायचे फिरते दांडे) आणि ३०० माग बसवले, आणि कामगारांसाठी उतरत्या छपरांची, पुढे टोकदार त्रिकोणी माथा असलेली लाकडी घरं बांधली. त्यातली काही अजून उभी आहेत. गावात दारूबंदी होती आणि सहा ते बारा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची होती, जी त्या काळात दक्षिणेत दुसरीकडे कुठे ऐकिवात नव्हती. बारा वर्षं झाली की मात्र मूल गिरणीत.

एक निर्णय तेव्हाही वादाचा होता आणि मला वाटतं आजही त्यावर पुरेसं बोललं जात नाही. मजूर कोण घ्यायचे? आजूबाजूला सगळीकडे गुलामांच्या जोरावर शेती चाललेली, गुलाम ठेवून कापड काढणाऱ्या गिरण्याही दक्षिणेत होत्या. संस्थापकाने ठरवलं की कामगार गोरेच घ्यायचे, ज्यांच्याकडे धड जमीन नाही अशा गरीब गोऱ्या घरांतल्या बायका, पोरी, मुलं. बरेच लोक याला त्याची दूरदृष्टी म्हणतात, गरिबांना रोजगार दिला वगैरे. पण हा माणूस गुलामगिरीच्या विरोधात अजिबात नव्हता, आणि त्याच्या त्या निर्णयाने पुढे शंभरएक वर्षं काळ्या माणसाला चात्यांपर्यंत पोचूच दिलं नाही. आवारात झाडलोट, गाठी उतरवणं, असली कामं तेवढी मिळायची. १९१५ला तर राज्याने कायदाच केला की कापड गिरणीत काळे-गोरे एका खोलीत काम करणार नाहीत, ये-जा करायचा दरवाजासुद्धा वेगळा. तो कायदा १९६०ला रद्द झाला आणि प्रत्यक्ष भरती सुरू झाली ती १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर. गावाच्या इतिहासात हा भाग दोन ओळींत उरकतात, मला ते पटत नाही.

यादवी युद्धाचा काळ आपल्याशी जोडलेला आहे. १८६१ ते ६५ दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा वाहिला आणि ६५ला युद्ध संपल्यावर शेअर बाजार कोसळला, हे सगळ्यांना माहीत आहे. तिकडे त्याच वर्षांत ही गिरणी दक्षिणेच्या बाजूने कापड काढत चालू राहिली आणि युद्धानंतरही टिकली. संस्थापक १८६७ला गेला, बंधारा फुटला तेव्हा दुरुस्तीसाठी स्वतः पाण्यात उभा राहिला आणि त्यातूनच आजारी पडला असं सांगतात.

त्यानंतरची सत्तर-ऐंशी वर्षं पटकन सांगतो कारण ती दक्षिणेतल्या कुठल्याही गिरणीगावासारखीच आहेत. लांब पाळ्या, अख्खं कुटुंबच कामाला, केसांत कायम कापसाची तूस, त्यावरून शहरातले लोक यांना लिंटहेड म्हणून हिणवायचे. जुन्या घरांमधे तो शब्द आजही जपून वापरावा लागतो. १९३४च्या सप्टेंबरात देशभरच्या कापड कामगारांचा मोठा संप झाला, याच राज्यात हनिया पाथ नावाच्या गिरणीगावात गेटवर गोळीबार होऊन सात कामगार मेले, आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या या पट्ट्यात युनियनचं नाव काढायला लोक घाबरायचे. १९५०ला सरकारने याच भागात अणुबॉम्बच्या मालाचा प्रचंड कारखाना जाहीर केला, त्यासाठी आख्खी गावं उठवली, पण पगार गिरणीपेक्षा चांगले म्हणून ज्याला जमलं तो तिकडे गेला. म्हणजे गिरणी हीच एकमेव वाट, हे तेव्हाच ढिलं व्हायला लागलं होतं. फुप्फुसात कापसाची धूळ जाऊन होणारा दम्यासारखा आजार, ज्याला तिकडे ब्राऊन लंग म्हणतात, त्यासाठी धुळीची कडक मर्यादा सरकारने ठरवली ती थेट १९७८ला. त्याच वर्षी कालवा, गिरणी आणि जुनी घरं मिळून गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९९६ला मूळ कंपनी अलाबामात सुरू झालेल्या एका मोठ्या कापड कंपनीने विकत घेतली.

आता २००५.

५ जानेवारीच्या संध्याकाळी एका मालगाडीच्या माणसांनी आपली छोटी गाडी गिरणीजवळच्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या जोडरुळावर, लावली. त्यांची बारा तासांची कायदेशीर ड्युटी संपत आलेली, न्यायला टॅक्सी आली, ते गेले. मेन लाइनवरून सायडिंगला गाडी घ्यायची तर हाताने सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) फिरवायला लागतो, आणि काम झालं की परत फिरवून कुलूप घालायचं असतं. तो परत फिरवायचा राहिला. त्या लाइनवर सिग्नल नव्हते, रेल्वेवाले अशा लाइनला डार्क टेरिटरी म्हणतात, म्हणजे सांधा चुकीचा लागलेला आहे हे कुठल्याही कंट्रोल रूमला दिसत नाही, पुढच्या ड्रायव्हरला रुळाच्या कडेची खूण अंधारात दिसेल तेवढंच.

रात्री २ वाजून ३९ मिनिटांनी दुसरी मालगाडी ताशी साधारण ७५ किलोमीटरने आली आणि सरळ जायच्या ऐवजी सायडिंगला वळून उभ्या गाडीवर आदळली. क्लोरिनच्या तीन टँकरपैकी एक फाटला आणि जवळजवळ ६० टन गॅस बाहेर आला. क्लोरिन हवेच्या अडीच पट जड असतो, वर उडून जात नाही, उतारावरून पाण्यासारखा खाली जातो आणि हे गाव तर ओढ्याच्या खोलगटातच वसलेलं, कारण १८४५ला गिरणीला पाण्याची ताकद पाहिजे होती. गिरणीत रातपाळी चालू होती. नऊ माणसं गेली, गाडीचा ड्रायव्हरसुद्धा धडकेने नाही, गॅसनेच गेला, आणि बाकीच्यांमधे रातपाळीचे कामगार होते. साडेपाचशेच्या आसपास लोक श्वासाचा त्रास होतो म्हणून हॉस्पिटलला गेले, मैलभराच्या परिसरातले ५,४०० लोक घराबाहेर काढले आणि कितीतरी दिवस परत सोडले नाहीत.

सरकारी चौकशीचा निष्कर्ष एका ओळीत आला, सांधा परत न फिरवल्यामुळे. मला त्या ओळीचा त्रास होतो. ती चूक नाही, पण सिग्नल नसलेली लाइन, विषारी गॅस भरलेली गाडी, दमलेली माणसं आणि रुळाला खेटून रात्रभर चालू असलेला कारखाना हे सगळं एकत्र कुणी येऊ दिलं हा प्रश्न त्या ओळीत मावत नाही. चौकशीने पुढे शिफारशी केल्या, २००८च्या रेल्वे सुरक्षा कायद्यात विषारी गॅस जाणाऱ्या मोठ्या लाइन्सना आपोआप गाडी थांबवणारी यंत्रणा सक्तीची झाली, ते चांगलंच झालं.

गिरणीचं काय झालं तर क्लोरिन ओलाव्याला लागला की आम्ल बनतं. गॅस ओसरल्यावर मशीन वरवर धड दिसत होती, पण मोटारी, सर्किट बोर्ड, वायरिंगची टोकं आतून गंजत राहिली, पुसून तेल देऊन चालू केलं तरी गंज परत यायचा. वर्षभर झगडून मे २००६मधे कंपनीने जाहीर केलं की आता बंद, आणि जुलैपर्यंत चार राज्यांतले मिळून चार हजारांहून जास्त कामगार घरी बसले. कंपनीने बोट दाखवलं अपघाताकडे.

इथून तो वाद. एका बाजूचं म्हणणं की गॅस हे निमित्त झालं, धंदा आधीच बसत चालला होता. १९९४च्या अमेरिका-कॅनडा-मेक्सिको मुक्त व्यापार करारानंतर (नाफ्टा) जीन्स शिवणारे कारखाने मेक्सिकोला गेले, मग कोटे संपल्यावर २००५ला चीनचा माल एवढा धो धो आला की अमेरिकेला वर्षाअखेर परत २००८पर्यंत मर्यादा घालून घ्याव्या लागल्या. (त्याच १ जानेवारीकडे आपल्याकडचे निर्यातदार डोळे लावून बसले होते, हे पण लक्षात घ्या, एकाच तारखेची दोन टोकं.) शिवाय ते विचारतात की अलाबामापर्यंत काही क्लोरिन गेला नव्हता, मग कंपनीच्या तिथल्या गिरण्या का बंद केल्या?

दुसरी बाजू म्हणते की ग्रॅनिटव्हिलला रंगाई आणि फिनिशिंग व्हायचं, दुसरीकडे विणलेलं कापड तिथे यायचं, मधली कडी तुटली तर पुढे-मागे सगळंच अडणार. आणि मरायला टेकलेली गिरणी रात्री पावणेतीनला माणसं उभी करून पाळी चालवत नाही. हा मुद्दा मला खूप वजनदार वाटतो. जी माणसं गेली ती कामावर होती, गिरणी तशीही मेलीच असती असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा तरी आठवावं.

मला स्वतःला वाटतं की गॅसने गिरणी पाडली आणि कोट्यांमुळे तिला परत उभं करायला कुणी पैसे घातले नाहीत. नवीन मशीन घ्यायची तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांची खात्री पाहिजे, ती २००६ला कापडात अमेरिकेत कुणाला नव्हती. आणि हा निर्णय घेताना गावाला कुणी विचारलं नाही कारण विचारायला गाव म्हणून कोणी नव्हतंच. काउंटी होती, ती आपल्या परीने करत होती, पण ग्रॅनिटव्हिलच्या नावाने टेबलावर बसणारं कोणी निवडून आलेलं नव्हतं. दीडशे वर्षं नगरपालिकेच्या जागी जी गिरणी होती तीच कुलूप लावून निघून गेली. लोकांचे जबाब घेतले गेले, नुकसानभरपाया वेगवेगळ्या मिळाल्या, पण घरटी, गाव म्हणून नाही.

२०१०ला काउंटीतल्या औद्योगिक वसाहतीत डिझेल इंजिनांचा एक जर्मन कारखाना आला. पगार बरे आहेत. तिथे लागणारं कौशल्य मात्र वेगळं, वीस वर्षं मागावर काढलेल्या बाईला ते दार लगेच उघडत नाही.

गॅस की आयात हा प्रश्न एकदा खरंच निकालात निघणार होता. गिरणीच्या कंपनीने रेल्वेवर दावा लावला होता, २००८ला फेडरल कोर्टात ज्युरीसमोर सुनावणी सुरू झाली, धंदा आधीच किती खालावला होता आणि गंजाने किती गेला याची उलटसुलट साक्ष होऊ लागली. एप्रिलमधे सुनावणी चालू असतानाच दोन्ही बाजूंनी आपसात तडजोड केली. ज्युरी उत्तर न देताच घरी गेली.