कुठली व्हीएफएल? आधी साल सांगा

‘व्हीएफएल म्हणजे एएफएलचं जुनं नाव.’ (एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, तिथल्या देशी फुटबॉलची सर्वात मोठी स्पर्धा; व्हीएफएल म्हणजे व्हिक्टोरियन फुटबॉल लीग.) हे वाक्य कानावर पडलं की मी हातातला चहा खाली ठेवतो. ते धादांत खोटं असतं तर सोडूनही दिलं असतं, पण ते अर्धं खरं आहे. त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर लोक 1989 चा हंगाम आणि 2023 चा हंगाम एकाच यादीत ओवतात.

एएफएल तुम्ही पाहता असं धरून चालतो. लंबगोल चेंडू, लांबट गोल मैदान, अठरा-अठरा खेळाडू, प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोहोंतून लाथेने मारला तर 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला तर 1. व्हीएफएलमध्येही हेच. लहानसहान नियमांत फरक सापडतील, पण त्यांच्यामुळे कुणाचा गोंधळ झालेला मी पाहिला नाही.

गोंधळ नावाचा आहे, आणि त्याची मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत.

1877 साली व्हिक्टोरिया राज्याच्या राजधानीत, मेलबर्नमध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे व्हीएफए, उभी राहिली. हे शेवटचं ‘ए’ लक्षात ठेवा. 1896 चा हंगाम संपताना तिच्यातले आठ दांडगे क्लब वेगळे झाले. कॉलिंगवुड, कार्लटन, एसेंडन, जिलाँग, फिट्झरॉय, मेलबर्न, साउथ मेलबर्न आणि सेंट किल्डा. त्यांनी 1897 पासून स्वतःची लीग खेळवली आणि तिचं नाव ठेवलं व्हीएफएल. ही पहिली व्हीएफएल. पुढे साउथ मेलबर्न 1982 मध्ये सिडनीला गेलं, 1987 मध्ये पर्थहून वेस्ट कोस्ट आणि ब्रिस्बेनचे बेअर्स हे क्लब आले, तेव्हा ‘व्हिक्टोरियन’ हा शब्दच अंगाला लहान पडू लागला. 1990 पासून ती एएफएल झाली. म्हणजे 1989 ची ती गाजलेली फायनल, हॉथॉर्न 144, जिलाँग 138, ही व्हीएफएलची; आणि पुढच्याच वर्षी कॉलिंगवुडने एसेंडनला हरवून 1958 नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं, ते एएफएलचं. लीग मात्र तीच.

मग मागे राहिलेल्या व्हीएफएचं काय झालं? लोक इथेच घसरतात, कारण त्यांना वाटतं ती कधीतरी मिटली असेल. ती मिटली नाही. पोर्ट मेलबर्न, विल्यमस्टाउन, कोबर्ग असे उपनगरी क्लब घेऊन ती 1995 पर्यंत त्याच नावाने चालली. 1996 मध्ये तिला नवं नाव मिळालं, आणि कोणतं, तर व्हीएफएल! पोराने टाकून दिलेलं नाव आईला दिलं. गंमत बघा, त्याच 1996 मध्ये एएफएल आपला शंभरावा हंगाम साजरा करत होती. विजेत्या नॉर्थ मेलबर्नला खास सोन्याचा चषक मिळाला, आणि एकोणीस वर्षांनी वडील असलेली लीग गुपचूप धाकटीच्या जुन्या पाटीखाली उभी राहिली. स्प्रिंगवेलने 1995 चं विजेतेपद जिंकलं ते व्हीएफएचं, 1996 चं जिंकलं ते व्हीएफएलचं. क्लब तोच, स्पर्धा तीच, फक्त पाटी बदललेली.

ज्याने कुणी हे नाव निवडलं, त्याचा मला अजूनही राग येतो. व्हीएफए हे नाव ठेवायला काय हरकत होती? सगळा घोळच उद्भवला नसता.

घोळ किती खोल आहे ते गोलांच्या विक्रमात दिसतं. ‘व्हीएफएलच्या एका हंगामात सर्वाधिक गोल किती?’ असं विचारलं तर बहुतेक जण 150 सांगतील: साउथ मेलबर्नचा बॉब प्रॅट 1934 मध्ये, मग हॉथॉर्नचा पीटर हडसन 1971 मध्ये. बरोबर आहे, पहिल्या व्हीएफएलसाठी. पण रॉन टॉड कॉलिंगवुड सोडून विल्यमस्टाउनला गेला आणि 1945 मध्ये व्हीएफएत त्याने 188 गोल केले. आजची व्हीएफएल ही व्हीएफएची वारस, म्हणून तिच्या वहीत 188. एएफएलच्या वहीत त्या 188 ला जागाच नाही. त्या काळी व्हीएफएत चेंडू हाताने फेकून देण्याची मुभा होती, व्हीएफएलमध्ये नव्हती, हाही एक मुद्दा. एकाच तीन अक्षरी नावाला दोन विक्रम, आणि दोन्ही खरे.

तेव्हा माझा साधा नियम: 1989 पर्यंतची व्हीएफएल ही मोठी, आजच्या एएफएलची पूर्वज. 1996 पासूनची ही राज्य पातळीवरची. 1990 ते 1995 मधल्या मोठ्या स्पर्धेला कुणी व्हीएफएल म्हणालं, तर चूक. साल लिहिलेलं नसेल तर हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार बघा. ब्राउनलो पदक असेल तर मोठी, लिस्टन ट्रॉफी असेल तर व्हीएफए किंवा तिची वारस.

आणि हो, आजची व्हीएफएल ही एएफएलची ‘दुसरी डिव्हिजन’ नाही. वर चढणं, खाली घसरणं असलं काही इथे नाही. अर्ध्याहून अधिक संघ एएफएल क्लबांचे राखीव संघ आहेत. शनिवारी मोठ्या संघात जागा न मिळालेला खेळाडू तिथे उतरतो. बाकीचे वेरिबी, विल्यमस्टाउन, फ्रँकस्टन यांच्यासारखे स्वतंत्र क्लब. (मेलबर्नच्या वेरिबी-टार्नीट पट्ट्यात आता मराठी घरं बरीच आहेत. वेरिबीने 1993 नंतर थेट 2024 मध्ये विजेतेपद मिळवलं, ते आपल्या शेजारच्या मैदानावर खेळणाऱ्या क्लबने, हे किती जणांच्या गावी आहे?) शिवाय नावातला ‘व्ही’ही आता नावापुरताच. 2021 पासून सिडनी आणि क्वीन्सलंडचे संघही त्यात आहेत, आणि 2023 ची व्हीएफएल जिंकली गोल्ड कोस्टने. दक्षिण ऑस्ट्रेलियाची एसएएनएफएल, पश्चिमेची डब्ल्यूएएफएल, याही राज्याच्याच लीग. पण त्यांचं नाव दुसऱ्या कुणी आधी वापरून टाकलेलं नाही, म्हणून तिथे हा ताप नाही.

अजूनही कुणाला सोपं वाटत असेल तर फुटस्क्रे हा क्लब घ्या. 1924 मध्ये त्यांनी व्हीएफए जिंकली, वर एका मदतनिधीच्या सामन्यात व्हीएफएल विजेत्या एसेंडनलाही हरवलं. 1925 मध्ये ते व्हीएफएलमध्ये आले. 1954 मध्ये फुटस्क्रेने व्हीएफएल जिंकली. 2014 मध्येही फुटस्क्रेने व्हीएफएल जिंकली. 1954 चा तो क्लब आता वेस्टर्न बुलडॉग्ज म्हणवतो, आणि फुटस्क्रे हे नाव त्यांच्या राखीव संघाने जपलंय. 2016 मध्ये फुटस्क्रे पुन्हा व्हीएफएलचं विजेतं ठरलं, आणि त्याच वर्षी बुलडॉग्जनी एएफएल जिंकली, 1954 नंतर प्रथमच. 2014 ची मोजणाऱ्यांना हे ‘प्रथमच’ कळत नाही.