छर्रा सुटेपर्यंत बंदूक दोनदा हललेली असते

ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं. दोन दिवसांनी मावसभावाचा फोन आला. "पोराला नेमबाजीला घालायचंय. एक चांगली एअरगन सांग. एकदाच घेतो, सगळ्याला चालली पाहिजे."

मी म्हटलं, स्वप्नीलची रायफल एअरगन नव्हे. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा, त्यात पॉइंट टू टूची काडतुसं लागतात, म्हणजे दारू आली. छर्‍याची बंदूक म्हणजे १० मीटरचा प्रकार. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगमध्ये सुवर्ण मिळवलं तो, किंवा ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला तो. भाऊ म्हणाला, "बरं, मग ती. पण एकच. तुझ्याकडं तीन तीन कशाला हैत कुणास ठाऊक."

हा प्रश्न आमच्या आईचाही आहे. "माझ्याकडं पायताणं एवढी न्हाईत," असं ती येणार्‍या-जाणार्‍याला सांगते. वरवर पाहिलं तर दोघांचंही बरोबर आहे. परवान्याशिवाय मिळणार्‍या एअरगनवर २०१६ च्या शस्त्र नियमांनी दोन मर्यादा घातल्या आहेत: नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नको आणि छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर नको. म्हणजे छर्रा तोच, नळी तीच, जोरही साधारण तेवढाच. मग तीन कशाला?

छर्रा ज्या काही मिलिसेकंदांत सुटतो, त्या वेळात बंदुकीच्या पोटात काय चालतं हे पाहिल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. मला या विषयातला हाच भाग सगळ्यात आवडतो, त्यामुळे इथे जरा जास्त रेंगाळणार आहे.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आठवा. फुगेवाला नळी मधून मोडतो, कट्‍ आवाज होतो, मग तो छर्रा बसवून नळी सरळ करतो. नळी मोडताना तरफेनं आतली स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन मागे अडकतो. चाप ओढला की पिस्टन सुटतो आणि पुढची हवा दाबत जातो. सायकलच्या पंपासारखंच, फक्त पंप मारायचं काम स्प्रिंग करते आणि तेही एका झटक्यात. हा झटका इतका जलद असतो की दाबलेल्या हवेची उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ३०० केल्विनची, म्हणजे खोलीतली, हवा अशी १०० बारपर्यंत, म्हणजे भोवतालच्या हवेच्या साधारण शंभरपट दाबापर्यंत, दाबली तर गणितानं तिचं तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. प्रत्यक्षात थोडी उष्णता सिलिंडरची भिंत खाते, पण आकडा शेकड्यांतच राहतो. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं ते याच कारणानं.

आता धक्क्याकडे या. बंदूक खांद्याला धक्का देते ती छर्रा पुढे गेला म्हणून, असं शाळेत न्यूटनच्या तिसर्‍या नियमाखाली शिकलेलं असतं. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये मात्र छर्‍याचा वाटा जवळजवळ नगण्य आहे. सोयीसाठी गोल आकडे धरू. छर्रा ०.५३ ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला २०० मीटर, तर संवेग झाला साधारण ०.१ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. पिस्टन आणि त्याच्याबरोबर हलणारा स्प्रिंगचा भाग मिळून पाव किलो आणि वेग सेकंदाला १२ मीटर, म्हणजे संवेग ३. छर्‍याच्या जवळजवळ तीसपट! धक्का देतो तो हा पाव किलोचा लोखंडी गडी. पिस्टन सिलिंडरमध्ये ७० मिलिमीटर पुढे सरकला, तर साडेतीन किलोची बंदूक त्याच हिशेबानं पाचेक मिलिमीटर मागे येते. आणि छर्रा अजून जागचा धड हललेलासुद्धा नसतो, कारण त्याला ढकलायला लागणारा दाब पिस्टनच्या प्रवासाच्या अगदी शेवटी तयार होतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. पिस्टन टोकाला पोचतो तेव्हा समोर अगदी चिंचोळ्या जागेत १०० बारच्या आसपास दाबलेली हवा असते. ही हवा छर्‍याला ढकलते, पिस्टनला उलटं मागे ढकलते आणि सिलिंडरच्या पुढच्या भिंतीलाही ढकलते. सिलिंडरचा व्यास २५ मिलिमीटर धरला तर त्या भिंतीवरचं बल येतं सुमारे ४९०० न्यूटन. अर्ध्या टनाचं वजन टेकवल्यासारखं. अत्यंत अल्पकाळ, पण तेवढ्यात मागे येत असलेली बंदूक एकदम पुढे हिसकली जाते. साध्या दुर्बिणी स्प्रिंगच्या बंदुकीवर टिकत नाहीत त्या यामुळेच. त्यांच्या आतली भिंगं मागे बसणारा धक्का सोसतील अशी बसवलेली असतात, हा पुढचा हिसका त्यांच्या हिशेबात नसतो. छर्रा नळीत दोन-तीन मिलिसेकंद असतो. तो बाहेर पडतो तोवर बंदूक मागे सरकून झालेली असते आणि पुढचा हिसका सुरू झालेला असतो.

माणसाला काही जाणवून हात हलवायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे छर्रा पाट्यावर, समोरच्या लक्ष्यावर, आपटून झाल्यानंतर कधीतरी आपल्याला कळतं की धक्का बसला. एवढ्या उशिरा सावरणार काय! म्हणून ही बंदूक घट्ट धरायची नसते. डाव्या तळव्यावर नुसती ठेवायची, खांद्याला हलकेच टेकवायची आणि तिला दर वेळी सारखंच हलू द्यायचं. नवशिके नेमके उलटं करतात. दात-ओठ खाऊन आवळतात, आणि आवळण्याचा जोर दर वेळी वेगळा पडतो. खांद्याशी टेकू धरून नळीचं तोंड पाव मिलिमीटर जरी इकडचं तिकडं झालं, तरी १० मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर हुकतो. १० मीटर रायफलच्या पाट्यावर एका वर्तुळाची रुंदी बरोबर अडीच मिलिमीटर असते. मधला दहाचा ठिपका तर अर्ध्या मिलिमीटरचा, पेनाच्या टोकानं काढल्यासारखा.

हे हलणं मोडायला जर्मन कारागिरांनी १९६० च्या दशकात जे उपाय काढले ते पाहिले की डोकी केवढी चालली असतील असं वाटतं. रास्टाटच्या डायना कंपनीनं दोन पिस्टन घातले, एक पुढे जाणारा आणि एक मागे, दातेरी चाकानं जोडलेले. दोघांचे संवेग एकमेकांना खाऊन टाकतात, बंदूक जागची हलत नाही. ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊनं वेगळीच शक्कल लढवली: बंदुकीचा वरचा सगळा लोखंडी भाग लाकडी दस्त्यात रुळांवर ठेवला. चाप ओढला की नळीसकट सगळं मागे सरकतं, पण अगदी सरळ रेषेत आणि मोकळं. तुम्ही दस्ता कसा धरलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मला एकदा फाइनवेर्कबाऊ ३०० चालवायला मिळाली. डोळ्यासमोर पीप साइट, म्हणजे नेम धरायची भोकाची चकती, झपकन मागे येते आणि खांद्याला मात्र काहीच कळत नाही. भूत पाहिल्यासारखं होतं.

आता स्पर्धेत हेही मागे पडलं. आजच्या मॅच रायफली पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या. सिलिंडरमध्ये २०० बार हवा असते, रेग्युलेटर ती ठरलेल्या कमी दाबावर आणून देतो. पाव किलोचा पिस्टन नाही, फक्त एक लहानसा हातोडा झडपेवर बसतो. ज्यांत रेग्युलेटर नसतो त्यांची एक खोड आहे: सिलिंडर गच्च भरलेला असताना झडप उघडायलाच जड जाते, त्यामुळे पहिले छर्रे सावकाश जातात, मग वेग वाढत जातो आणि हवा संपत आली की पुन्हा उतरतो. वेगाचा आलेख टेकडीसारखा दिसतो आणि जाणकार फक्त माथ्यावरची हवा वापरतात.

मग भावाला सरळ मॅच रायफलच का सुचवली नाही? तिचा छर्रा सेकंदाला जेमतेम १७० मीटर वेगानं जातो, ऊर्जा साडेसात-आठ ज्यूल. १० मीटरवर कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून छर्‍याचं डोकं सपाट असतं, आणि तेच सपाट डोकं लांब अंतरावर हवेशी भांडतं. १० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षण छर्‍याला सतराएक मिलिमीटर खाली ओढतं, तर २५ मीटरवर तेच बारा-तेरा सेंटिमीटर होतं. साइट फिरवून जुळवता येईल, नाही असं नाही. पण दोन आठवडे खपून बसवलेला झीरो, म्हणजे नेम आणि छर्रा एका ठिकाणी जुळवलेली साइट, मामाच्या शेतात डबे पाडायला कोण मोडणार? तिथे गोल डोक्याचा छर्रा, जास्त वेग आणि दुर्बीण हवी. (डबेच. पाखरांवर नाही. आणि डब्यांमागे मातीचा बांध असलाच पाहिजे.) म्हणून माझ्याकडे पहिली स्प्रिंगची, शिकण्यासाठी. दुसरी जुनी मॅच रायफल, रेंजसाठी. तिसरी दुर्बिणीची पीसीपी, शेतासाठी. पिस्तूलवाल्यांची कथा आणखी निराळी, त्यांचा चाप ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे असा नियमच आहे. रायफलला तशी अट नाही.

वर नळीच्या आवडीनिवडी. छर्‍याच्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ती डोक्याची मापं. एका नळीला ४.५० मानवतो, शेजारच्या त्याच कंपनीच्या नळीला ४.५१. शतांश मिलिमीटरचा हा फरक पाट्यावर डोळ्यांना दिसतो.

जाहिरातींना मात्र फसू नका. "१२०० फूट प्रति सेकंद" असं खोक्यावर ठळक छापलेलं असतं. २० ज्यूलच्या मर्यादेत १२०० फूट, म्हणजे ३६६ मीटर, वेग हवा तर छर्रा ०.३ ग्रॅमचाच लागतो. शिशाचा नेहमीचा नव्हे, हलक्या मिश्रधातूचा. शिवाय हा वेग ध्वनीच्या वर, आणि कमरेत बारीक असलेला छर्रा ध्वनीची सीमा उतरताना डगमगतो. आकडा खोक्यावर शोभतो, पाट्यावर नाही.

रेंजवर आणखी एक ऐकायला मिळतं: "कालपर्यंत बरी होती, गनला नजर लागली." एकानं तर लिंबू उतरवलं होतं. स्प्रिंगच्या बंदुकीला नजर लागते ती दस्त्याच्या स्क्रूंना. मघाशी सांगितलेले ते दोन हिसके शे-दोनशे वेळा बसले की स्क्रू सैल होतात. पाना घ्या, आवळा, नजर उतरते. खंडेनवमीला पूजाही जरूर करा, हळदकुंकू दस्त्याला लावा. पण काही जण त्या दिवशी प्रेमानं नळीत तेल सोडतात. ते सिलिंडरमध्ये झिरपलं की त्या तापलेल्या हवेत पेटतं. फाट्‍कन आवाज, निळसर धूर, छर्रा भलतीकडे, आणि पिस्टनचं सील खराब. बघणारे म्हणतात, काय पॉवर आली बघ.

भावाला शेवटी स्प्रिंगचीच घ्यायला सांगितली, पाचशे छर्‍यांसकट. माझ्याकडे दरम्यान चौथी आली आहे. जत्रेतल्या एका फुगेवाल्यानं मोडकी म्हणून काढून टाकलेली, दस्त्याला तारेचा वेढा असलेली. उघडून पाहिली तर स्प्रिंग शाबूत होती, पिस्टनवरचा चामड्याचा वॉशर तेवढा वाळून पापडासारखा झाला होता, त्यामुळे सगळी हवा बाजूनं निसटत होती. वॉशर दोन दिवस तेलात ठेवला, रात्रभर निथळला, बसवला. पहिल्या पाच-सहा छर्‍यांना धूर आला. सातव्यापासून थांबला.

आई धूर बघून बाहेर आली होती. तिला अजून ही तिसरीच वाटते.